सरांच्या नावाचा किडा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, संग्रहालयातले माझे सहकारी, आणि आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती, आपले लाडके सर!

मला पाच मिनिटं मिळाली आहेत. सव्वीस वर्षं किड्यांची कपाटं सांभाळणाऱ्या बाईला तेवढी पुष्कळ झाली.

सरांची कीर्ती भुई पोखरणाऱ्या शेणकिड्यांमुळे. हा किडा ओळखायचा कसा? वरून पाहायचं. याचे जबडे डोक्यापुढे दिसतात, साध्या शेणकिड्याचे झाकलेले असतात. आपल्या टेकडीवर तो आहे, हे गुरांच्या वाटेवर गुडघे टेकून मी आधी ओळखलं. सर तेव्हा काय म्हणाले? "बाई, तुम्ही कपाटांची धूळ पुसा." दोन महिन्यांनी शोधनिबंध आला, एकट्या सरांच्या नावाने. त्या दिवशी मी आईजवळ बसून ढसाढसा रडले. असो, आज आनंदाचा दिवस आहे.

पुढे माझा खण न विचारता उघडायची सरांना सवयच लागली. त्यात एक किडा होता. शाळेच्या मुलांना 'यात काय चुकलंय?' असं विचारण्यासाठी मी तो बनवला होता. धड साध्या शेणकिड्याचं, डोकं भुई पोखरणाऱ्याचं. आमच्याकडे किड्याच्या टाचणीला दोन चिठ्ठ्या असतात. वरची ठिकाणाची, खालची माझ्या शेऱ्याची. खालच्या चिठ्ठीवर मी स्पष्ट लिहिलं होतं, 'जोडकाम'. पण माझा शेरा सरांनी कधी वाचलाय?

सरांनी नवी जात जाहीर केली. तिला स्वतःचं नाव दिलं. पेढे मलाही मिळाले.

काय म्हणालात? तेव्हाच का नाही सांगितलं? अहो, सांगायला गेलेच होते. दारातूनच हात हलवून मला परत पाठवलं. मग मीही म्हटलं, राहू दे. नऊ वर्षं राहू दिलं. खोटं कशाला बोलू, मजा आली.

आता त्या किड्याची तसबीर सरांना भेट द्यायची आहे. खरा किडा मी सोबत आणलाय. डिंकाचं जोडकाम, सकाळपासून या वाटीत कोमट पाण्यात ठेवलंय. अध्यक्ष महोदय, जरा वाकून पाहता? हे डोकं. हे धड.

सर, उठू नका, अजून हार घालायचाय.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, मनापासून आभार. बोलताना माझं काही चुकलं असेल तर मोठ्या मनाने पदरात घ्या. सरांचं काय चुकलं, ते मी शोधनिबंध छापणाऱ्यांना कालच कळवलंय.