आपल्या बूथवर शून्य

समीक्षा : आबा, दार उघडू का? कॉम्रेड आजोबा पायरीवर बसलेत कधीचे.

जोतीराम : घरात न्हाई म्हणून सांग.

समीक्षा : तुमचा खोकला ऐकलाय त्यांनी.

जोतीराम : आकडं कळलं आसतील त्याला?

समीक्षा : अख्ख्या माधवनगरला कळलेत. आपल्या शाळेतल्या बूथवर लाल बावट्याला शून्य मतं.

जोतीराम : शून्य म्हंजे माझं बी न्हाई. आमी दोघं एका गिरणीत राबलो, एका संपात आत गेलो. आन् गडी उमेदवार म्हणून हुबा ऱ्हायला, तर मी दुसऱ्याचं बटण दाबून आलो.

समीक्षा : मीच सांगितलं होतं ना तुम्हाला? लाल बावटा काही निवडून येत नाही, मतं फुटली की आपली चाळ पाडायला निघालेला उमेदवार येणार. लॉजिक बरोबरच होतं. पडला ना तो?

जोतीराम : पडला. मग मी दार लावून का बसलोय, त्ये सांग.

(हंबीरराव स्वतःच दार ढकलून आत येतात.)

हंबीरराव : येऊ का, मतदार?

जोतीराम : शिव्या घाल गड्या. एकदाचं मोकळं कर.

हंबीरराव : चा तर पाज आधी.

जोतीराम : दर निवडणुकीला जातो तसं समदी मिळून गेलो, गिरणीच्या पाळीला निघाल्यागत. रांगंत वाटलं, माझं एक गेलं तर काय झालं, बाकीची हायत की तुला.

हंबीरराव : आप्पासोला बी तसंच वाटलं. अर्जुनाला बी. सकाळधरनं घरोघर फिरतोय. जाईल तिथं लेकाचं माझ्याच गळ्यात पडून रडत्यात.

समीक्षा : आजोबा, एक विचारू? तुमचं नाव याच बूथवर आहे ना?

हंबीरराव : हाय की.

समीक्षा : मग शून्य कसं?

जोतीराम : समे, आत जा.

हंबीरराव : ऱ्हाऊ दे रं, बरोबर इचारती. पोरी, मी बी चाळीतच ऱ्हातो. यंत्रावर माझाच फोटो माझ्याकडं बघत हुता. म्हटलं, ही समदी मला देणारच हायत, आपलं एक तरी चाळीच्या कामी येऊ दे.

जोतीराम : हंबीर...

हंबीरराव : रविवारी सांगलीत बैठक हाय. हितनं पुढं उमेदवारच द्यायचा न्हाई, मोठ्या पक्षाला पाठिंबा देत जायचं, असा ठराव येतोय. लढू या म्हणून हात वर करायचा, तर कुठल्या तोंडानं?

जोतीराम : आन् आपल्या पक्षाच्या शाखेची खोली?

हंबीरराव : निवडून आल्याल्यानं तिथं त्याचा माणूस धाडला हुता. साहेबांचा फोटो लावा म्हणतोय, बावट्याच्या शेजारी. शेजारीच म्हणाला, बरं का. लय नम्र हुता.

समीक्षा : पुढच्या वेळी मला मत असेल, आजोबा. मी तर तुम्हालाच देणार, लॉजिक गेलं उडत. यंत्रावर आपली निशाणी असेल ना?

जोतीराम : सांग की तिला.

हंबीरराव : तू आधी यादीत नाव तर घाल, बाळ.