पेन्सिलीला पाच वेढे

मागे ऐकू येतंय का हो? नाही? बाप्पूकाका, भोंगा वाढवा जरा... अहो, किंचाळला की तो! असू दे, असू दे. त्याचं शेवटी बघू.

तर मंडळी, आजचा प्रश्न — जितकं जास्त द्यावं, तितकं जास्त पोचतं का? एवढ्यात माना हलवू नका! अर्ध्या माना 'हो' म्हणतायत आणि अर्ध्या डुलक्या आहेत, मला इथून सगळं दिसतं.

ऐका. दांडेघळ नावाचं डोंगरातलं गाव. मोबाइलला रेंज नाही. तिथं छोटंसं आरोग्य उपकेंद्र, आणि तिथली नर्स मैथिली. दोन किलोमीटरवर, वरच्या गावात तिचे वडील — वामनराव खैरे. फायबरची लाइन जोडणं हे त्यांचं काम.

फायबर म्हणजे काय? केसाएवढी बारीक काच! एका टोकाला लेझर. दुसऱ्या टोकाला त्याच्याकडे टक लावून बसलेलं यंत्र. आणि लेझर काय करतो? ठेका धरतो! प्रकाश वाढला — एक. मंदावला — शून्य. सेकंदाला कोट्यवधी वेळा! तुमचा फोटो, तुमचा आवाज, सगळं त्या ठेक्यात. आणि गंमत बघा — शून्याला तो पार विझत नाही हं! विझला तर पुन्हा पेटताना वेळ जातो, ठेका चुकतो. म्हणून नुसता मंद होतो. शहाणा आहे. आपण रुसलो की पार विझतो!

आता वामनराव. माणूस सढळ हाताचा! लेकीच्या डब्यात पोळ्या सात. ती खाणार दोन. सकाळी स्कूटर घेऊन डबा द्यायला. दुपारी — 'जेवलीस का?' संध्याकाळी — 'खरंच जेवलीस का?' शेवटी काय झालं? स्कूटरचा आवाज आला की मैथिली औषधांच्या खोलीत! विचारलं तर हूं नाही की चूं नाही. वामनराव काय समजले? की आपलंच कमी पडतंय! पोळ्या झाल्या आठ.

अशात उपकेंद्राला लाइन मंजूर झाली. ऑफिसात लेझर दोन प्रकारचे — एक दहा किलोमीटरला पुरणारा, एक ऐंशीला. दोन किलोमीटरला दहाचा पुष्कळ झाला. पण वामनराव म्हणतात, "माझ्या पोरीच्या दवाखान्याला हलकं बसवू? ऐंशीचा!" आणि दोन्ही टोकांना ऐंशीचाच बसवला. दोन्ही टोकांना का? अहो, बोलायचं दोघांनी असतं!

त्याच दुपारी हौसा आली. नववा महिना. सकाळपासून पोटातलं बाळ हलेना. सोबत सासू, ठकूबाई. मैथिलीनं बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढला, पण निर्णय तिचा नव्हे. शहरातल्या डॉक्टरांना तो दिसायला हवा. दारात जीप उभी. घाटातून अडीच तास, सगळे खड्डे. उगाच न्यावं तर धक्के, ठेवावं तर धोका. न्यायचं की ठेवायचं?

आणि लाइनचा दिवा — लाल!

वामनरावांनी मीटर लावलं. "प्रकाश तर भरपूर येतोय!" टोक पुसलं. लाल. पुन्हा पुसलं. लाल! "याहून ताकदीचा असता ना, तर..."

ठकूबाई म्हणाली, "आवं दादा, तुमचा दिवा आमच्या बाळाच्या बारशालाच लागायचा का?"

मैथिली हौसाच्या पोटाला नळी लावून कान देतेय. वामनराव सुरूच — "पंखा लावू? पाणी देऊ? तू काही खाल्लंस का?"

"बाबा! गप्प बसा हो जरा! तुमच्या आवाजात मला बाळ ऐकू येत नाही."

झाले गप्प. गप्प झाले आणि त्या लाल दिव्याकडे बघत राहिले. आणि हळूच म्हणाले, "दोन किलोमीटरला ऐंशीचा उजेड... डोळे दिपलेत याचे! एक काय, शून्य काय, याला सगळं पांढरंच दिसतंय."

आता लहान लेझर आणायचे, दोन्ही टोकांना बदलायचे, तर दीड तास. तेवढा वेळ कुणाकडे होता?

"पोरी, पेन्सिल आहे?"

रजिस्टरची पेन्सिल, दोऱ्याला बांधलेली. तोडून दिली तिनं. येणारी वायर आणि जाणारी वायर, दोन्ही त्या पेन्सिलीभोवती गुंडाळल्या. काच घट्ट वळली की वळणावर प्रकाश गळतो. हेच हवं होतं! एक वेढा. दोन. तीन. लाल. चार. लाल! पाच —

हिरवा.

आलेख गेला. डॉक्टर पडद्यावर आले. "ठोके खाली येतायत. आत्ताच्या आत्ता निघा!" जीप निघाली. सातला पाच कमी असताना हौसाला मुलगी झाली. उशिरा रडली, पण रडली.

दुसऱ्या दिवशी डबा आला. पोळ्या दोन. वामनराव डबा ठेवून, एक शब्द न बोलता, स्कूटरकडे वळले. आणि मागून आवाज — "बसा ना बाबा. कालची गंमत सांगते."

मंडळी, आता तुमचं सांगा. समोर दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या लेकराला तुम्ही कितीचा लावलाय? दहाचा की ऐंशीचा? ते उत्तर देत नाही म्हणून अजून वाढवताय ना? हसू नका, आजीबाई! मीही एवढ्या वेळात माझ्या पोराचा स्वेटर इथून नजरेनंच तीनदा नीट केलाय.

बाप्पूकाका, आता तो भोंगा बंदच करा. हो, बंद. आणि मागच्यांनो, ऐकू येत नाही ना?

मग या. पुढे सरका.