अमोलचा काळा पेनड्राइव्ह

अमोलच्या आई, दत्तूभाऊ, आन् समोर बसलेल्या माझ्या समद्या आयाबहिणींनो, दादांनो.

सकाळी सरपंचांनी इचारलं, सुनीताबाई, दोन शब्द बोलता का? मी न्हाई म्हणलं. आन् दुपारी मीच त्यांच्या दारात गेले. म्हणलं, मला बोलू द्या. आजच बोलू द्या. उद्या बोलून उपेग न्हाई. उद्या पहाटं तुमचे ट्रॅक्टर ऊसतोडीला निघतेत.

अमोल कसा होता, ते माझ्या आधीच्यांनी सांगितलं. मनमिळाऊ होता, हुशार होता. होताच. पर त्यो गेला आन् आपण त्याचे गुण गात बसलो, हे मला सोसंना. फाट्यावरचं त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान तुमाला ठावं हाय. तुमचे फोन त्यानं दुरुस्त केले, ट्रॅक्टरवर वाजवायला पेनड्राइव्हमधी गाणी भरून दिली. पर त्याचं खरं काम मागच्या खोलीत चालायचं. ते काम आज तुमच्यातल्या एकाच्या ट्रॅक्टरमधी अडकलंय. खोटं वाटंल. ऐका.

ऊसतोडीची टोळी गेली की वस्तीत कोण उरतं? म्हातारी माणसं. मी सरकारी दवाखान्याची आशाताई म्हणून घरोघर फिरते, मी बघते ना. हातात फोन असतो, पर नाव वाचता येत न्हाई. अमोलनं त्यांच्यासाठी प्रोग्राम लिहिला. फोनवर लेकाचा फोटो दिसतो. फोटोला बोट लावलं की लेकाला फोन लागतो. त्यानं उचलला न्हाई तर त्याचा आवाज ऐकू येतो, "आई, फडात हाय, सांजंला लावतो." आन् माझ्या फोनवर खबर येती. मागच्या साली गयाबाई न्हाणीत पडल्या. पडल्या पडल्या सुनेच्या फोटोला बोट लावलं. मी पळत गेले म्हणून आज त्या आपल्यात हायत. गयाबाई, हात वर करा. बघा.

पर टोळीतल्यांचे नंबर बदलले, मागच्या सालचं आता चालत न्हाई. यंदाचे फोटो, यंदाचे नंबर, यंदाचे आवाज, समदं मी घरोघर जाऊन गोळा केलं. अमोलनं ते प्रोग्राममधी घातलं. म्हाताऱ्यांच्या फोनवर चढवायचं तेवढं राहिलं होतं. लॅपटॉप पाठीला लावून त्यो गेवराईला निघाला. हायवेवर काय झालं ते मी पुन्हा सांगत न्हाई. लॅपटॉपबी त्याच्यासंगं चिरडला. दुरुस्तीला बीडला धाडला, तिथल्यांनी हात टेकले.

तुमी म्हणाल, दुसरीकडं ठिवलं न्हवतं का? ठिवलं होतं. माझ्याच हातानं ठिवलं होतं.

त्यानं मला शिकिवलं होतं. लॅपटॉपवर काळा पडदा उघडला आन् म्हणला, "वैनी, माउस सोडा. हातानं लिहा." रिपॉझिटरी करायची म्हणला. म्हंजे आपण काय लिहिलं, काय बदललं, ते टप्प्याटप्प्यानं जपून ठिवणारी कणगी. ही कणगी चालवणाऱ्या प्रोग्रामचं नाव गिट. मी 'गिट इनिट' लिहिलं. मशीननं सांगितलं, रिकामी रिपॉझिटरी तयार. मी म्हणलं, "अमोल, हे तर रिकामी म्हणायलंय की!" म्हणला, "सुरवातीला रिकामीच असती, वैनी. भरायची आपण."

मग पेनड्राइव्हवर दुसरी केली, नुसती साठवणीची. तिला बेअर म्हणतेत. 'गिट रिमोट ॲड' लिहून दोन्ही जोडल्या. आता इथलं तिकडं ढकलायचं म्हणला. मी घाईघाईनं 'गिट पुश' लिहिलं. मशीननं चूक दाखिवली आन् अमोल पोट धरून हसला. "वैनी, कमिट कुठं केलं? आत काय बी न्हाई आन् ढकलता काय?" मग 'गिट ॲड', मग 'गिट कमिट', म्हंजे पक्की नोंद. तर मशीन इचारती, तुमी कोण ते आधी सांगा. मी अमोलकडं बघितलं. म्हणला, "तुमचं नाव लिहा. आवाज तुमी गोळा केलेत." म्हणून पयल्या नोंदीवर माझं नाव हाय. नोंद काय? गयाबाईच्या सुनेचा फोटो घातला. मग पुश केलं आन् गेलं एकदाचं.

मी भांडलेबी त्याच्याशी. म्हणलं, "नेटवर कामून ठिवत न्हाईस? समदी दुनिया ठिवती म्हणतोस ना?" म्हणला, "लोकांच्या लेकासुनांचे फोटो हायत, वैनी. त्यांना इचारल्याबिगर परक्या मशीनवर कसे ठिवू? इचारू, मग ठिवू." इचारायचं राहून गेलं. असा होता त्यो. मला त्याचा राग येतो, मंडळी. आज लई राग येतो.

त्या सकाळी त्यानं शेवटचं पुश केलं, पेनड्राइव्ह काढून गल्ल्यावर ठिवला आन् गाडीला किक मारली. मागून दत्तूभाऊनं दुकान आवरलं. गल्ल्यावरचा काळा पेनड्राइव्ह त्यांनी, तुमी गाणी भरायला दिलेल्या पेनड्राइव्हच्या डब्यात टाकला. समदे काळेच, एकाच खोक्यातले, अमोलनंच इकलेले. माती झाल्यावर तुमी आपापला मागायला आलात. दत्तूभाऊनं हाताला येईल तो दिला. दत्तूभाऊ, मान वर करा. सख्खा भाऊ गेल्यावर पेनड्राइव्ह कोण निरखून बघतं? तुमची चूक न्हाई.

डब्यात एक उरला होता. आज सकाळी मी देवाचं नाव घेऊन लावला. गाणी निघाली. म्हंजे अमोलचा तुमच्यापैकी कुणाकडं तरी गेलाय.

दादांनो, त्यो लावला तर वाजणार न्हाई. कॉम्प्युटरवर उघडला तर हेड, ऑब्जेक्ट्स, रेफ्स असली अनोळखी नावं दिसतील. ना फोटो दिसंल, ना आवाज. तुमी म्हणाल, खराब हाय, कचरा हाय. वाटंत एखाद्या दुकानावर थांबाल, फॉरमॅट मारून नवी गाणी भरा म्हणाल. पाया पडते, असं करू नका. दिसत न्हाई, पर समदं त्यातच हाय. अमोलचा गेवराईचा दोस्त लॅपटॉप घेऊन इथंच बसलाय. 'गिट क्लोन' म्हणून एक ओळ लिहायची, समदं परत येतं. तुमी निघायच्या आत तुमच्या आयांच्या फोनवर चढंल.

आन् न्हाई सापडला तर? ट्रॅक्टरवर बसताना आईला काय सांगणार? पडलीस तर नंबर वाच, म्हणून?

अमोल म्हणायचा, एकदा कमिट केलं की कवाबी मागं जाता येतं. काल एक बाई मला म्हणल्या, माणसालाबी तसं मागं आणता आलं असतं तर! मी म्हणलं, बाई, ते बोलू नका. जे आणता येतं ते तरी आणू.

त्यो गेल्यापासून वस्तीत एकबी ट्रॅक्टर वाजला न्हाई. तुमी दुखवटा पाळलात. म्हणूनच अजून कुणाला कळलं न्हाई, कुणाचा पेनड्राइव्ह गाईना ते.

आता सरपंच म्हणतील, दोन मिनिटं शांत उभं रहा. मी पदर पसरते. आज शांत उभं राहू नका. अमोलच्या आईला मी इचारलंय. त्या म्हणल्या, "गाणी माझ्या लेकानंच भरलीत ना? वाजू दे."

उठा. तुमचे ट्रॅक्टर तिथं रस्त्याच्या कडंला उभे हायत. आपापल्या ट्रॅक्टरवर चढा, पेनड्राइव्ह लावा, आवाज मोठा करा. समद्यांचे वाजू द्या. आमी बाया इथं उभ्या राहून ऐकतो. ज्याचा वाजणार न्हाई त्यानं कशालाच हात लावू नका, नुसता हात वर करा. मी येते.

अमोल, तुला शेवटचा नमस्कार मी आत्ता करत न्हाई, बाबा. थोडा थांब. आधी तुझं काम सापडू दे.

जा दादांनो. लावा गाणी.