राक्षसाचं आजोळ

हसू नका, पण परवा मी एका राक्षसाशी नातं जोडलं. नात आम्हाला फाशांचा खेळ खेळवत होती. गोष्ट ती सांगणार, त्यातली माणसं आम्ही. जावईबापूंनी आपल्या योद्ध्याला वाटून द्यायला मिळालेले सगळे गुण ताकदीत अन् तलवारीत घातले, बोलण्यात शून्य! पुलावर राक्षसानं त्यालाच धरलं. आता खाणार!

मी विचारलं, "काऊन रे, तुहं आजोळ कोणतं?"

नात राक्षसाच्या आवाजात म्हणाली, "सिंदी."

"माहंबी माहेर सिंदीच! म्हणजे मी तुही मावशी. घरच्या जावयाले खाशीन? लाज नाई वाटत?"

राक्षसानं सोडलं. "पण मावशी, भाच्याले आहेर?"

मी जावयाची तलवारच देऊन टाकली.

जावईबापू कळवळले, "आई, त्यापेक्षा मला खाऊ द्यायचं होतं!"