उठू नकोस

अरे हो, ऐकतोय मी, तुझंच ऐकतोय, पण आधी तो ब्रेकवरचा पाय घट्ट ठेव. गाडी गिअरमध्ये आहे. मीच शिकवलंय ना तुला — ब्रेक सुटला की ही फोर्कलिफ्ट आपली आपण पुढे सरकते, आणि पुढे मी आहे. मागे लोखंडी रॅक, पोटावर लाकडी पॅलेट, पॅलेटवर फरशांची खोकी, मध्ये मामाला इस्त्री! — हस की जरा. नाही हसायचं? बरं. इंजिन बंद कर, मग मी हसतो.

बरगडी मोडली बहुतेक. श्वास घेतला की आत कचकन टोचतंय. ओरडू तरी कोणाला — रविवारी ह्या गोदामात चिटपाखरू नसतं, म्हणून तर तुला एकट्याला बोलावलं. म्हटलं पोरगा परदेशात लॉजिस्टिक्स मॅनेजमेंट शिकतोय, दोन आठवडे खोलीत तोंड लपवून बसलाय, कामाला लागला की सावरेल. आणि तू माझ्यावरच गाडी घालतोस? माझ्यावर? विमानतळावर कोण आलं होतं तुला आणि तुझ्या मावसभावाला घ्यायला? सगळी पोरं मला मामा म्हणतात ती काय उगाच? मीही इथे हाच कोर्स करायला आलो होतो रे — डिग्री घेतली, आणि राहिलो सुपरवायझर होऊन ह्याच छपराखाली. तुमची दुखणी मला कळतात. आ — आई गं — पाय! पाय ढिला पडला तुझा! दाब. दाब लवकर. हां. असाच.

तुझ्या मावसभावाचं, लंब्याचं विचारतोयस. पुन्हा तेच. अरे, मावशीला फोनवर मीच सांगितलं ना, रडत रडत सांगितलं. तुझा लंब्या रॅकवर चढला, उंच आहे म्हणून शिडी घ्यायचा कंटाळा, वरची खोकी अंगावर ओढून घेतली आणि खाली दबला. पोलिसांनी लिहून घेतलं, विषय संपला. गाडीचा काय संबंध? गाडी माणसाला चिरडेलच कशी? चालवणारा सीटवरून उठला की इंजिन बंद पडतं, सीटखाली कळ असते त्याची — तुमच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात शिकवतात, लंब्याच मला मोठ्या तोऱ्यात सांगायचा. उठलं की बंद. एवढं साधं आहे, आता तूच—

काय करतोयस? बस खाली. काय म्हणालास? उठून बघतो?

उठू नकोस! बस! बस म्हणतो ना, नालायका, हात खाली कर, बूड टेक सीटवर — टेकलंस? पाय ब्रेकवर आहे? हां. थांब. थांब, घाम पुसू दे. नाही बंद पडत ती. झालं समाधान? नाही पडत बंद. सीटखालच्या कळेची वायर काढून मी थेट जोडून टाकलीय, गाडीला वाटतं कोणीतरी बसलेलंच आहे. दिवसभर पोरं चढणार, उतरणार, दर वेळी इंजिन बंद, दर वेळी चालू, तिकडे ट्रक भोंगे वाजवतायत, साहेब माझ्या डोक्यावर उभा. सगळीकडे करतात असं! लंब्याला सांगायचं राहून गेलं, एवढंच. तिरकं बसलेलं पॅलेट सरळ करायला तो उतरला, गाडी गिअरमध्येच ठेवून उतरला — का? तर पुस्तकात लिहिलंय, उठलं की बंद. गाडीकडे पाठ करून काम करत होता बिचारा.

मी धावलो ना! मी नाही का धावलो? गाडी मागे घेतली, त्याला ओढून रॅकखाली निजवलं. खोकी? खोकी मग — ती मीच टाकली, हो. पोलिस यायच्या आत काहीतरी करायला नको? त्यांना वायर सापडली असती तर मी आत गेलो असतो, गोदामाला कुलूप लागलं असतं, तुम्ही सगळी पोरं बसला असता घरी. तुमच्यासाठीही केलं मी ते. आणि तो तर गेल्यातच जमा होता, छाती सगळी आत गेलेली, नुसता हात धरून मामा, मामा करत होता, मी म्हटलं गप, हलू नकोस, आणि पहिलं खोकं—

म्हणजे तसं नाही. तसं नाही रे. शुद्धीत नव्हता तो, त्याला कळतही नव्हतं काही. असं बघू नकोस माझ्याकडे. मी येतो पोलिसांकडे, आत्ता येतो, वायर दाखवतो, मावशीच्या पायांवर डोकं ठेवतो, तू म्हणशील ते करतो. एक शब्द लपवणार नाही. रडू नकोस, डोळे पूस, पण पाय — पाय हलवू नकोस. हँडब्रेक तुझ्या डाव्या हाताला आहे, तो ओढ फक्त. ओढ ना. ऐकतोयस ना? सगळं सांगितलं मी, सगळं खरं सांगितलं, मग आता का उठतोयस? बाळा, बस. बस खाली. अरे, मी मामा आहे ना तुझा—