तारामतीनं मागितलेला पाळणा

ऐका रे पोरांनो. कंदील बारीक करा, आणि हुंकार द्यायला चुकू नका. हुंकार थांबला की मला कळत नाही, समोर तुम्हीच आहात की आणखी कोण येऊन बसलंय!

तातू मेस्त्री दशावतारातला स्त्रीपार्टी. बाईचं सोंग घ्यायचा. दिवसा रंधा मारणारा गडी, पण रात्री लुगडं नेसून उभा राहिला की बघणाऱ्या बायका आपला पदर सारखा करायच्या! त्या रात्री जत्रेत हरिश्चंद्राचा खेळ, आणि तातू राणी तारामती. अर्धा खेळ झाला, नि त्याचा मेव्हणा धापा टाकत रंगपटात शिरला.

"भावजी, घराक चला. सरसूचा काय खरा नाय. सांजेपासून अडली हा. सुईण म्हणता, पोर हलत नाय. मी वैद्याक आणूक जातंय."

सरसू म्हणजे तातूची बायको. पहिलटकरीण. तातू ताडकन उठला.

मंडळीचे मालक दाजी नाईक म्हणाले, "जा तू. स्मशानाचो प्रवेश मी निभावतंय. पण आदी तोंडाचो रंग काढ. आणि तारामतीचा रडगाणा वाटेत तोंडात येऊ देव नको."

का, विचारा! अरे, रंग चढला की माणूस देवाचा. पण देवळाच्या शिवेपर्यंतच. रंगासकट शीव ओलांडली की तो कुणाचाही. आणि रडगाणं देवापुढं म्हटलं तर खेळ, बाहेर म्हटलं तर खरं होतं. याच मंडळीतला बाबी राजपार्टी हे मानायचा नाही. मोठा नट, राजाच्याच कामात शोभायचा. एकदा मुकुटासकट घरी निघाला, तो सकाळी आंब्याच्या व्हाळात, त्या ओढ्याच्या पात्रात, पालथा मरून पडलेला सापडला.

तातू रंग काढायला खोबरेल शोधतोय, बाटली मिळेना. तेल शोधत बसू, की सरसूकडे जाऊ? निघाला. तसाच! लुगड्यानिशी, कुंकवानिशी. हातात पेटती चूड, आणि वाट कुठली धरली? जवळची. व्हाळातली!

शीव ओलांडली आणि चूड विझली. वारा? पान हलत नव्हतं! तो तसाच चाचपडत चालला. मग पखवाज ऐकू आला. तातूला धीर आला, वाटलं, देवळातला. चार पावलं गेला आणि अंग गार पडलं. अरे, देऊळ पाठीमागे राहिलं, आणि पखवाज पुढं वाजतोय!

चिव्याच्या, म्हणजे बांबूच्या बेटापाशी उजेड. दिवा नाही, बत्ती नाही, नुसता उजेड. त्यात पाठमोरा राजा उभा. डोईला मुकुट.

"तारामती!"

आणि इतक्या वर्षांची सवय बघा, तातूच्या तोंडून निघून गेलं, "नाथ!"

झालं! हाकेला ओ गेली, प्रवेश सुरू झाला. राजा वळला. रंग होता रे, गालावर लाली, भुवया कोरलेल्या. पण रंगाखाली तोंड नव्हतं!

"हा आपला रोहिदास. सर्पदंशानं गेला. रड, तारामती."

तातूच्या हातात गाठोडं आलं. थंडगार. जड, आणखी जड. पाय मातीत रुतायला लागले.

"रड!"

पखवाजानं रडगाण्याचा ठेका धरला. सूर तातूच्या गळ्याशी आला, ओठ उघडले... आणि त्याला आठवलं, पोर हलत नाय. हे गाणं सुटलं, तर ते कुणाच्या पोरासाठी खरं होईल?

आता दशावताराला पोथी नसते. उभं राहायचं आणि बोलायचं. पण एक रिवाज आहे, समोरच्या पात्रानं प्रवेशात म्हटलेलं खोटं पाडायचं नाही, हवं तर वळवायचं. बाबी मेला तरी नटच ना तो!

तातूनं गाठोडं छातीशी धरलं. "हो नाथ, गेला, झोपी गेला! हळू बोला, बाळ निजलंय."

पखवाज थांबला. राजा पाय आपटून म्हणाला, "निजलंय? मग उठव त्याला."

"उठेल. पण सूर्यवंशाचा कुमार काय भुईवर उठेल, नाथ? जा, पाळणा घेऊन या. तोवर मी अंगाई गाते."

आणि तातू गायला लागला. घाम रंगातून ओघळतोय, पण गातोय. राजा काय करेल? राणीनं पाळणा मागितला, राजाला जायलाच हवं. तो बेटामागे गेला. आणि गेलेलं पात्र हाकेशिवाय परत येत नाही!

उजेड मावळला. तातूनं गाठोडं हळूच खाली ठेवलं. हाताला लागलं काय, कुजलेला ओंडका! लुगडं वर खोचलं आणि पळत सुटला, पण अंगाई सोडली नाही. बाळ उठण्याआधी गाणं थांबलं तर प्रवेश मोडेल, आणि राजा मोकळा होईल!

दारात सुईण दचकली. "अगो बाय माझे! कोण गो तू?"

तिच्या हातात पोर होतं. निळं. निपचित. सरसू भिंतीला टेकून नुसती बघत होती. तातू बोलला नाही, गातच राहिला. पोर घेतलं, पदरात गुंडाळलं, छातीशी धरलं, तसंच, व्हाळात धरलं होतं तसं. एक कडवं गेलं. दुसरं गेलं. आणि पोरानं असा टाहो फोडला की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली!

रंग मग सरसूनंच उतरवला, खोबरेल लावून.

पण पोरांनो, राजाला परत कुणी बोलावलं नाही. तो अजून तिथंच आहे. रात्री व्हाळातून गेलात तर चिव्याच्या बेटामागे कुरकुर कुरकुर ऐकू येते. बांबू घासतात म्हणू नका. पाळणा आहे तो. कुणी हळूच विचारतं, "पाळणा आणलाय, बाळ कुठं आहे?"

ओ देऊ नका. मागे बघू नका. आणि घरात तान्हं असेल ना, तर त्या वाटेला पाऊलच टाकू नका!