डाव्या आट्याचं मशीन

तर मग तुमीच सांगा मॅडम, माणसानं विश्वास ठेवायचा तरी कुणावर? — नाय नाय, तुमच्यावर नाय म्हणत मी, तुमी बसा. पंख्याखाली बसा. फक्त त्या पातेल्यांच्या चळतीला टेकू नका, मागच्या बाजाराला एक पावणं टेकलं आन् सगळी चळत त्यांच्या मांडीवर आली. चहा सांगितलाय. — तर विश्वास. मेव्हणा म्हणजे घरचा माणूस का नाय? सुभाष माझ्या बायकोचा, जयाचा, सख्खा भाऊ. दिवाळीला माझ्या घरी पहिला पाट त्याचा. आन् त्यानं तुमच्या प्रदर्शनाच्या कमिटीला अर्ज दिला — 'बटाट्याची स्प्रिंग काढायचं हातमशीन, शोधक सुभाष' — फोटोसकट! हात छातीवर बांधून उभा हाय फोटोत, जसं काय रॉकेटच सोडलंय. शोधक! ज्या माणसाला घरातला चष्मा सापडत नाय, तो शोधक! एकाच मशीनचे दोन अर्ज आले, एक त्याचा, एक माझा, म्हणून कमिटीनं तुमाला घोडेगावला माझ्या दुकानात पाठवलं. बरं केलं. लई बरं केलं. शुक्रवारी त्या मशीनपुढं एकाच नावाची पाटी लागणार, सगळा तालुका ती वाचणार — मग ती खऱ्या माणसाच्या नावाची नको? मला बाकी काय नको मॅडम. बक्षिसाची शाल बी नको, घरात सतरा शाली पडल्यात. नाव पाहिजे.

लिहिताय ना? लिहा. मी गोकुळ, शिक्षण सातवी, ते बी सातवीच्या मास्तरांना माझा कंटाळा आला म्हणून. भांड्याचं आन् लोखंडी सामानाचं दुकान, आन् जत्रा आली की जत्रेत गाडा. चार वर्षांमागं पुण्याला गेलो व्हतो, तिथं पाहिलं — एकजण बटाटा काडीला टोचतो, दांडा फिरवतो, बटाटा गरागरा फिरत पात्यावर जातो आन् अख्ख्या बटाट्याची एकच लांबलचक चकती निघती, कुठं तुटत नाय. ती काडीवर ताणायची, तेलात सोडायची, वरनं मीठ-मिरची. लेकरं येडी व्हतात राव! म्हटलं, बटाटा आपल्याकडं, आपल्या सातगाव पठारावर पिकतो, आन् त्याची स्प्रिंग पुण्यात? घेतलं तसलं एक मशीन. प्लॅस्टिकचं. येडगावच्या जत्रेत लावलं. अकराव्या बटाट्याला दांडा हातात आला! समोर ही बारी लागलेली, रांगच रांग, पोरं काड्या हातात घेऊन उभी, आन् मी नुसता दांडा धरून — आरती ओवाळायला आल्यासारखा. हसलं लोक. तवा ठरवलं, लोखंडाचं करायचं. जुन्नरला फुरकानभाई हायेत, लेथ मशीनवाले, त्यांच्याकडनं सळईला आटे पाडून घेतले. आटे म्हणजे स्क्रूला असतात ते वेढे — दांड्याच्या एका फेरीला सळई जेवढी पुढं सरकंल तेवढी चकती जाड. लांब आटा, जाड चकती. बारीक आटा, कागदासारखी. एवढंच गणित हाय त्यात, पण ते जमायला मला पोतंभर बटाटे गेले. घरी महिनाभर बटाट्याचीच भाजी. जया म्हणायची, तुमच्या शोधापायी माझं तोंड बटाट्यासारखं व्हईल.

आता पुरावा बघा. हे माझं मशीन. आन् हे सुभाषचं, तो करून विकतो ते, बाजारातनं मुद्दाम आणलंय, चकचकीत रंग दिलाय, दांड्याला लाल मूठ. फिरवा. नाय, उजव्या हातानं फिरवा. अडखळतंय ना? मनगट उलटं व्हतंय ना? आता माझं फिरवा. ते बी तसंच! का? कारण दोन्हींचा आटा डावा हाय. दुनियेतले सगळे नटबोल्ट उजवीकडं फिरवले की आत जातात, हे डावीकडं फिरवलं की आत जातं. पातं बी त्यापायी उलट बसवलंय. अशी मशिनं दुनियेत कुठं मिळत नाय मॅडम, आन् मिळाली तर ती माझ्याकडनं गेलेली. सुभाषनं लेकीच्या वाढदिवसाला म्हणून माझं मशीन नेलं, एका दिवसासाठी. आठ दिवसांनी आणून दिलं — स्वच्छ धुऊन, तेल देऊन! तवाच मला कळायला पाहिजे व्हतं. ज्या माणसानं आजवर नेलेलं पातेलं कधी घासून आणलं नाय, तो मशीनला तेल का देतो? खोललं व्हतं त्यानं. नट न् नट खोलून मापं घेतली. आन् उतरवलं तसंच्या तसं, डाव्या आट्यासकट. मी त्याला फोन करून इचारलं, बाबा रे, तुझा आटा डावा का? तर म्हणतो — दाजी, ते डिझाइन हाय. डिझाइन! हे कसं झालं सांगू? माझ्या दुकानाची पाटी रंगवायची व्हती, पेंटरला जुनी पाटी नमुना म्हणून दिली. त्या जुन्या पाटीवर फोन नंबरातला एक आकडा चुकलेला. त्यानं तो बी तसाच उतरवला! अजून त्या नंबरावर राजगुरुनगरची एक बाई फोन उचलती, आन् कढई इचारणाऱ्या माणसाला शिव्या देती. तसा हा सुभाष. का डावा, कुणासाठी डावा, त्याला ठाव नाय. मला ठाव हाय. म्हणून शोधक मी. लिहा.

काय?

डावखुरा? मी? नाय बा, मी कशाला डावखुरा. आत्ता तुमच्यापुढं सही केली ना, उजव्याच हातानं केली. — मग डावा आटा का पाडला? — आला चहा. घ्या. आलं टाकलंय. गार झाल्यावर मजा नाय त्याला.

बरोबर हाय तुमचं, इचारायलाच पाहिजे. त्याचं असं झालं — गाड्यावर एक बाई व्हती आमच्याकडं. मंगल. शिनोलीची. कामाला चोख. तिचा हात डावा. पहिल्या लोखंडी मशीनचा आटा उजवाच व्हता, सरळ, जगासारखा. ती दांडा उजव्या हातानं फिरवायची, आन् काडी झाली की सवयीनं डावा हात पुढं यायचा. त्या वर्षी जत्रेत हौशीराम नाना आले, उपासाचा माणूस, म्हटले उपासाला बटाटा चालतो. हिनं काडी दिली — डाव्या हातानं. नाना भडकले. 'उपासाचं खाणं डाव्या हातानं देती?' काडी फेकली खाली. बारी सगळी बघतीये. आन् मी — धंद्याचा माणूस मी, गिऱ्हाइकाची बाजू घेणार का नाय? मी बोललो तिला. म्हणजे, बोललो म्हणजे ओरडलोच. 'हात बांधून ठेव तो डावा, आमचा गाडा बाटवशील' असं काहीतरी. तसंच म्हटलं मी. तिनं दिवसभर डावा हात पदराखाली ठेवला आन् एका उजव्या हातानं सगळं — दांडा बी तोच, काडी बी तोच, मीठ बी तोच. संध्याकाळपर्यंत मनगट सुजलं तिचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी पायरीवर बसलेली. मला वाटलं, काम सोडायला आली. तर पिशवीतनं घरचं लाटणं काढलं — लाटणं! — आन् त्यावर सुतळी गुंडाळलेली, उलट्या बाजूनं, वेढ्याला वेढा सारख्या अंतरावर, मधी बाजरीच्या दाण्याएवढी फट ठेवून. म्हटली, 'शेठ, सळईवर आटं असं पाडून आणा. दांडा डाव्या हाताला येऊ द्या. फिरवायचं काम डावा करंल, द्यायचं काम उजवा. मग कुणाचा देव बाटायचा नाय.' असं म्हटली. रागानं नाय, लाटण्यावर बोट ठेवून, हिशेब समजवावा तसं.

घेऊन गेलो जुन्नरला. फुरकानभाईंनी लाटणं हातात घेतलं, उजेडात धरलं, पट्टी लावली. म्हटले, 'गोकुळशेठ, ज्यानं ही सुतळी गुंडाळली त्याला आटा कळतो. माझ्याकडं दहा वर्षं काम केलेल्यांना हे जमत नाय. कुणी केलं?' — आन् मी म्हटलं — मी — 

मी म्हटलं, मीच केलं.

हे लिहू नका. थांबा, काय लिहिताय? ते खोडा. मी आपलं सांगत व्हतो. — अहो, आता गाड्यावरच्या बाईनं केलं म्हणून सांगितलं असतं तर लेथवाला मन लावून काम करतो का? धंद्यात असं सांगावं लागतं. आन् पोतंभर बटाटे माझे गेले ना? लोखंड माझं, पातं माझं, जुन्नरच्या खेपा माझ्या. सुतळीच फक्त तिची! आन् ते मशीन चाललं मॅडम. असं चाललं! उजव्या हाताची माणसं बी आधी अडखळतात, दहा बटाट्यांत डावा हात बसतो, मग उजवा मोकळा राहतो, काडी द्यायला, मीठ टाकायला. सगळे म्हणायला लागले, गोकुळशेठ, काय डोकं हाय तुमचं. आता चारचौघांत माणूस काय म्हणंल? नाय, डोकं माझं नाय? असं कुणी म्हणतं का?

तिनं काय मागितलं, ठाव हाय? काहीच नाय. म्हटली, 'शेठ, दांड्यावर एक मं ठोका. बारीक. कुणाला दिसायचा बी नाय.' एक अक्षर! आन् मी हसलो. चार गिऱ्हाइकं बसलेली दुकानात, त्यांच्यापुढं म्हटलं, 'मं कशाला? मंगलाष्टका म्हणायच्यात का बटाट्याच्या?' हसले सगळे. ती बी हसली. पुढच्या जत्रेला आली नाय. हे बघा, दांड्यावर काय ठोकलंय — 'गोकुळ'. ठळक. लांबनं दिसतं.

आन् आता खरं सांगू, राग कशाचा हाय? सुभाषचा तर हायच. त्याची लाल मूठ बघितली की माझं डोकं फिरतं. पण परवा सोमवारी भीमाशंकरच्या रोडला गेलो व्हतो, शिनोलीत गाडी थांबवली. रस्त्याच्या कडंला मंगल. स्वतःचा गाडा टाकलाय. डाव्या हातानं दांडा, उजव्या हातानं काडी, लोक रांगेत. आन् मशीन — लाल मुठीचं! सुभाषचं! माझ्या अंगाचा असा भडका झाला. मी भर रस्त्यात ओरडलो, 'अगं, त्या चोराचं मशीन घेतलंस? माझ्याकडं आली असतीस, माझं नसतं दिलं?' तिनं दांडा थांबवला नाय. बटाटा संपंस्तोवर फिरवला, चकती ताणली, तेलात सोडली, हात पुसला. मग म्हटली, 'शेठ, दोन्ही माझीच हायेत की. एक तुमी नेलं, एक त्यांनी.' आन् ती काडी माझ्यापुढं धरली. उजव्या हातानं.

घेतली मी. काय करणार. गाडीत बसून खाल्ली.

सुभाषला चोर म्हणून मी सगळ्या घोडेगावात बोंब मारली. जयाशी भांडलो, तिच्या भावाचा पाट उचलला. पुरावा काय, तर डावा आटा. आन् तुमी एका वाक्यात इचारलंत, डावखुरा कोण? शाळा शिकलेल्या माणसाचं हेच वाईट. नाय, हसू नका. मला लई राग आलाय. तुमचा आलाय, त्याचा आलाय — आन् खरा ज्याचा आलाय त्याला माझ्याच दुकानात बसवून चहा पाजतोय मी रोज.

हा खण जरा ओढा. वरचा नाय, खालचा. बिजागऱ्यांच्या खाली, कापडात. हां. हेच ते लाटणं. सुतळी बघा, इतक्या वर्षांत एक वेढा हलला नाय. तिनं दोनदा मागितलं, चपात्यांना लागतं म्हटली, मी म्हटलं हरवलं. टाकवलं बी नाय मला. का, ते मला इचारू नका.

घ्या, ठेवा पिशवीत. शिनोलीवरनं जाणारी एसटी आत्ता लागंल स्टँडवर, उठा. उरलेला चहा राहू द्या. तिला म्हणावं गोकुळशेठनं — नाय, काय म्हणू नका, नुसतं हातात द्या. आडनाव, वय तिलाच इचारून लिहा. माझा अर्ज फाडू नका पण, तसाच ठेवा वहीत. सुभाषनं गोकुळचं मशीन नेलं, हे लिहा, ते खरंच हाय, त्याला सोडू नका. आन् त्याच्या वरची ओळ मोकळी ठेवलीय ना तुमी? तिथं गोकुळनं कुणाचं नेलं, ते बी लिहा. मघाशी खोडा म्हटलं, ते खोडू नका. कुणाकडनं काय आलं, तेवढा हिशेब सरळ ठेवा मॅडम. मला मधनं वगळू नका.

चला, निघा आता. गिऱ्हाईक आलंय.